‘बनगरवाडी’च्या अभिवाचनाला वाद्यसंगीत: कुठे वाजवायचं, कुठे थांबायचं

कादंबरीच्या अभिवाचनाला वाद्यसंगीत जोडायचं ठरलं की पहिली बैठक बहुतेक वेळा एकाच वाटेने जाते. प्रत्येक प्रसंगापुढे एकेक भाव लिहिला जातो. इथे दुःख, इथे आनंद, इथे भीती. मग दुःखाला सारंगी, आनंदाला ढोलकी, भीतीला डग्ग्याची घुमक. तासाभराच्या कार्यक्रमात अशा पंधरा-वीस जागा सहज निघतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. ‘बनगरवाडी’ला ही पद्धत लावली तर कादंबरीचा जीव जातो.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. औंध संस्थानातल्या माणदेशी वाडीवर शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर तिचा निवेदक आहे. तो जे दिसतं ते सांगतो आणि पुढे जातो. कुणाच्या मनात काय कालवलं याचा पाढा वाचत नाही. न सांगितलेलं तसंच राहणं हीच त्या गद्याची ताकद आहे. वाद्याने ते बोलून दाखवलं की श्रोत्याला करायला काही उरत नाही. म्हणून इथे संगीताकडे भाव द्यायचेच नाहीत. प्रसंग दिवसाच्या कुठल्या प्रहरी घडतो, माळ किती लांबवर पसरलाय, हवा कशी आहे, एवढंच त्याच्याकडे सोपवायचं. हिंदुस्थानी संगीतात प्रहराची सोय आधीपासून आहेच, रागांच्या वेळा ठरलेल्या असतात.

आधी हिशेब. साठ मिनिटांचा कार्यक्रम धरला तर वाचनाला पंचेचाळीस मिनिटं ठेवा. अभिवाचनाचा चांगला वेग मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्दांचा असतो, म्हणजे पावणेपाच हजारांच्या आसपास शब्द मावतात. कादंबरी लहान असली तरी त्यात ती सगळी बसत नाही, काटछाट करावीच लागते. उरलेल्या पंधरा मिनिटांतली नऊ मिनिटं शब्दांशिवाय वाजणाऱ्या वाद्यांची आणि सहा मिनिटं निव्वळ शांततेची. सहा मिनिटं शांतता ऐकून आयोजक दचकतात. पण ती एकगठ्ठा नसते; पाच-दहा सेकंदांच्या तुकड्यांनी तासभर पसरलेली असते. वाचन चालू असताना खालून वाजणारं संगीत याखेरीज सहा-सात मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. वाडीच्या कारभाऱ्याच्या मृत्यूच्या प्रसंगाखालचा तंबोरा मात्र यात धरलेला नाही.

वाद्यं तीन पुरतात: एक बासरी, तंबोरा, आणि एकाच प्रसंगापुरती धनगरी ढोल आणि कैताळ (झांजेसारखं धातूचं वाद्य) यांची जोडी. संतूर आणि सतारीचा आघात टोकदार असतो. ‘च’, ‘ट’, ‘स’ ही व्यंजनं कानाला जिथे लागतात नेमका तिथेच तो पडतो आणि वाचकाचे शब्द खातो. सारंगी माणसाच्या गळ्यासारखी बोलते, त्यामुळे वाचणाऱ्याच्या शेजारी दुसरा माणूस बोलायला बसल्यासारखं होतं. पेटी लागली की मराठी कानाला नाट्यपद नाही तर कीर्तन आठवतं.

नागपुरात आणखी एका वाद्याचा आग्रह हमखास होतो, तो खंजिरीचा. वाजवणारे तयारीचे मिळतात, नाद लोकांच्या ओळखीचा आहे. पण विदर्भातल्या श्रोत्याच्या मनात खंजिरी वाजली की तुकडोजी महाराज आणि मोझरी उभी राहते. तो नाद आपल्याला फार जवळचा आहे, म्हणूनच तो माणदेशच्या माळावर नेऊ नये. तीच गोष्ट दंडारीच्या, म्हणजे विदर्भातल्या लोकनाट्याच्या, वाद्यांची.

संवादांखाली तर कुठलंच वाद्य नको. माणदेशी बोली आपल्याकडच्या वाचकांच्या तोंडी आली की तिला नकळत वऱ्हाडी हेल लागतो. तो टाळण्यासाठी वाचकाला स्वतःचं बोलणं स्वच्छ ऐकू यायला हवं.

आता पट्टी. मंचावर मोठी बासरी असेल तर ती बहुधा पांढरी तीनची असते, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी हा तिचा सा. तिचा षड्ज (सा) सुमारे ३३० हर्ट्‌झवर आणि सगळी भोकं बंद करून निघणारा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) २४७ हर्ट्‌झच्या आसपास येतो. बोलताना पुरुषाचा आवाज साधारण १०० ते १४० हर्ट्‌झवर राहतो, बाईचा १८० ते २२०वर. त्यामुळे पुरुष वाचत असेल तेव्हा मंद्रातली बासरी त्याच्या आवाजाच्या वर तरंगते आणि दोन्ही वेगवेगळं ऐकू येतं. बाई वाचत असेल तर मंद्र पंचम तिच्या आवाजाला येऊन चिकटतो. तिथे बासरीला षड्जाच्या वरच ठेवा. हे तालमीआधी ठरलं नाही तर ऐन वेळी वाचकाला दोष दिला जातो की आवाज पोचत नाही.

कार्यक्रमाची सुरुवात पुस्तकाच्याच सुरुवातीने करावी. मास्तर अंधारात घरून निघालाय, उजाडायचंय, पायी वाट तुडवत वाडीकडे चाललाय. इथे पहिला मोह भूपाळीच्या वळणाच्या सनईचा. सनई वाजली की मराठी माणसाला मंगलकार्य दिसतं, देवळाचा नगारखाना दिसतो. माळ दिसत नाही. दुसरा मोह चालण्याला ठेका देण्याचा. तो तर अजिबात नको. माडगूळकरांची वाक्यं आखूड आहेत, ती स्वतःच पावलं टाकतात. त्यांच्याखाली ठेका धरला की वाचकही ठेक्यात वाचू लागतो आणि तिसऱ्या ओळीला ते पद्य होतं.

माझ्या मते इथे ललत हवा. रात्र सरलेली नाही आणि सकाळ झालेली नाही, अशा वेळेचा हा राग. पंचम नाही, आणि दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र म) शेजारी-शेजारी येतात: नि रे ग म, मग तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर, आणि खाली गंधारावर (ग). पाय अजून कुठे टेकायचा हे ठरलेलं नाही, असं या स्वरांना ऐकताना वाटत राहतं. तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात मिळवा. शब्द सुरू होण्याआधी फक्त चाळीस सेकंद बासरी, आलापाचे दोन-तीन तुकडे, आणि गंधारावर थांबून बंद. वाटचालीचं संपूर्ण वाचन कोरडं होऊ द्या. वाडी नजरेला पडते तिथे वीस सेकंद तोच तुकडा पुन्हा, या वेळी षड्जावर येऊन. पाय टेकला.

दुसरी जागा भर दुपारची. मेंढरं रानात गेलीत, माणसं त्यांच्यामागे, वाडी ओस. इथे जे वाजेल त्यावर कार्यक्रमाचा शेवट उभा राहणार आहे, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

दुपारचा राग म्हणून मधमाद सारंग घ्या. स्वर पाचच: सा रे म प आणि कोमल नी. गंधार-धैवत नाहीत. सरळ, उघडा, सावली नसलेला राग. आता गंमत अशी की मेघ रागाचे स्वरही हेच पाच आहेत. एक भर दुपारचा, एक पावसाचा, आणि सामान एकच. फरक आहे तो चालीत. मधमाद सारंगात रिषभ (रे) उभा, म्हणजे न हलवता, लागतो, स्वर मोकळे पडतात, चाल जरा चपळ. मेघात मध्यमावरून मींड घेत, म्हणजे स्वर न तोडता घसरत, रिषभावर उतरायचं आणि तो रिषभ आंदोलित, हलका झुलता ठेवायचा. सगळा भार मंद्रात. ती एक मींड आली की ढग आले.

या कादंबरीचा शेवट दुष्काळाचा आहे. पाऊस येत नाही, मेंढरं घेऊन माणसं एकेक करून गाव सोडतात, वाडी रिकामी होते. तिथे लोक मल्हाराचा एखादा प्रकार करुण करून वाजवतात. पाऊस नाही म्हणून पावसाचा राग. त्याऐवजी असं करा. सुरुवातीच्या दुपारी मधमाद सारंग चाळीस-पन्नास सेकंद नीट वाजवा, म्हणजे श्रोत्याच्या कानात तो बसेल. नाव सांगायची गरज नाही. दुष्काळाच्या भागात तोच राग पुन्हा आणा, पण संथ, मंद्रात. बासरीवाल्याने मेघाच्या उंबरठ्यापर्यंत यायचं, मध्यमावर रेंगाळायचं, मींड आता सुटणार असं वाटू द्यायचं आणि रिषभ उभाच लावायचा. दोन मिनिटांत असं तीनदा. चौथ्यांदा नको. ज्याला राग कळतो त्याला मेघ येता येता राहिल्याचं कळेल. ज्याला कळत नाही त्यालाही काहीतरी अडलंय हे जाणवेल, कारण मधल्या वेळात स्वर तेच राहिलेत आणि फक्त वजन बदललंय.

यात चूक होते ती वादकाच्या सवयीमुळे. हात मंद्रात गेला की तयारीचा बासरीवाला आपोआप मेघाची मींड घेतो, कारण ती गोड लागते. म्हणून त्याला रागाचं नाव सांगून सोडू नका. कागदावर लिहून द्या: ‘म वर थांबा. रे उभा. मींड नाही.’ तालमीत दर वेळी तेवढाच तुकडा पाच-सहा वेळा वाजवून घ्या.

मधल्या प्रसंगांत वाडीत तालीम, म्हणजे व्यायामशाळा, बांधण्याचा भाग येतो. मास्तरच्या पुढाकाराने वाडी कामाला लागते, आणि उद्घाटनाला संस्थानचे राजेसाहेब येतात. सगळी वाडी एकत्र असण्याची ही जागा, म्हणून ढोल-कैताळ इथेच आणि फक्त इथेच. धनगरी ढोलाला माइक लावू नका. तो मंचावरही ठेवू नका. विंगेत, पडद्यामागे पंधरा-वीस फूट आत बसवा. घुमारा पोचतो, आघाताची धार बोथट होते. दीड मिनिट वाजवा, शब्दांशिवाय. थांबल्यावर वाचकाने लगेच सुरू करायचं नाही. ढोलानंतर कान क्षणभर बधिर असतात. चार सेकंद मनात मोजून मग पहिलं वाक्य, नाहीतर ते वाक्य वाया जातं.

आणि वाडीतल्या शेकूच्या बायकोचा प्रसंग. बैलाच्या जागी ती स्वतः औताला जुंपून घेते. इथे काहीही वाजवू नका. एक तारही नको. हा प्रसंग निवडला की सारंगीवाल्याला बोलावणं जातंच, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येतंही. पण ते सारंगीचं पाणी असतं. मजकुरात त्या बाईविषयी हळहळ नाही, तिचं काम आहे, जमीन आहे, पेरणीची घाई आहे. तेवढंच ऐकू आलं पाहिजे. मात्र शांततेचंही एक तंत्र आहे: प्रसंग सुरू होताना वाद्य बंद केलं तर ते बंद होणंच एक नाट्यमय इशारा ठरतं. म्हणून त्याआधीची निदान तीन-चार मिनिटं सगळी वाद्यं गप्प असू द्या. श्रोता वाद्यांना विसरलेला असला पाहिजे.

कारभाऱ्याच्या मृत्यूचं उलट. तिथे नुसता तंबोरा, आणि तो त्या प्रसंगाच्या पाच-सहा मिनिटं आधीपासून अगदी हलका चालू. इतका वेळ चाललेला तंबोरा कान ऐकेनासे होतात. मृत्यूच्या वाक्यावर त्याला हात लावायचा नाही. पुढचं साधं वाक्य वाचून होऊ द्या, मग थांबवा. खोलीतलं काहीतरी गेलं हे लोकांना त्यानंतर एक-दोन सेकंदांनी कळतं.

संहितेवर खुणा कशा करायच्या, याकडे फार कमी लक्ष जातं. सोळा पॉइंटचा टाइप, दुप्पट अंतर, उजवीकडे अडीच इंच कोरा समास. समासात बाण खाली म्हणजे वाद्य सुरू, वर म्हणजे विरत जाणं, दोन उभ्या रेघा म्हणजे शांतता, शेजारी सेकंद. बासरीवाल्याची खूण मात्र सुरू होण्याच्या जागी करू नका. एक वाक्य आधी करा. त्याला ओठ जुळवून श्वास भरायला तेवढा अवधी लागतो. ढोलवाल्याला त्याहून आधी, कारण तो विंगेत असतो आणि त्याला कुणीतरी हाताने खुणावावं लागतं.

आणि मराठीपुरता एक पक्का नियम: क्रियापद होईपर्यंत वाद्य आत येऊ द्यायचं नाही. आपल्या वाक्याचा अर्थ शेवटी ठरतो, आणि नकार तर अगदी टोकाला बसतो. समजा वाक्य आहे, ‘म्हातारा दाराशी आला, पण बोलला नाही.’ बासरी ‘बोलला’वर उचलली की मागच्या रांगेला ऐकू येतं, म्हातारा बोलला. एका स्वराने सगळा प्रसंग उलटा होतो. ‘नाही’ संपू द्या, वाचकाला एक श्वास घेऊ द्या, मग स्वर. बाहेर पडतानाही तेच: नवं वाक्य सुरू होण्याआधी स्वर पूर्ण विरलेला हवा, किंवा मग मुद्दाम परिच्छेदभर खाली राहणार असेल तर सलग राहू द्या. वाक्याच्या मध्ये विरणारा स्वर श्रोत्याचं लक्ष आपल्यामागे ओढून नेतो.

आवाजाची पातळी मिक्सरवर अशी लावा. वाचकाचा माइक तोंडापासून सहा इंचांवर, शंभर हर्ट्‌झच्या खालचा भाग कापलेला. तो नेहमीच्या आवाजात वाचत असताना मीटरची उडी उणे सहा डेसिबलच्या आसपास येऊ द्या. मग वाचन थांबवून नुसती बासरी वाजवून घ्या. शब्दांखाली वाजणाऱ्या जागी तिची उडी उणे चोवीसच्या वर जाऊ नये. म्हणजे अठरा डेसिबलचं अंतर. बासरीच्या चॅनेलवर दोन ते चार किलोहर्ट्‌झचा पट्टा तीन-चार डेसिबलने खाली घ्या, व्यंजनं तिथेच राहतात. मीटर नसेल तर एकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि एक उतारा झाल्यावर विचारा. त्याला धून गुणगुणता आली तर वाद्य मोठं आहे.

आपल्या हवेचा विचार केल्याशिवाय यातलं काही टिकत नाही. एप्रिल ते जून कूलरशिवाय सभागृह चालत नाही, आणि कूलर चालू असताना मंद्रातली बासरी आणि तंबोरा दोन्ही गडप होतात. आवाज वाढवला तर वर सांगितलेलं अंतर मोडतं. म्हणून उन्हाळ्यात हा कार्यक्रम करूच नये. करावाच लागला तर वातानुकूलित सभागृह हवं. एक आणखी: कूलरच्या झोतासमोर ढोल ठेवला की ओलसर हवेने चामडं सैल पडतं आणि अर्ध्या तासात तो बसका वाजतो.

हिवाळ्यात अडचण वेगळी. डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी पारा झपाट्याने उतरतो. हवेचं तापमान पंधरा अंशांनी बदललं तर बासरीचा स्वर हिशेबाने शुद्ध आणि कोमल स्वरामधल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने सरकतो. श्वासाच्या उबेमुळे प्रत्यक्षात थोडा कमी. गार हवेत बासरी उतरते, आणि तारा गारठून आखडल्या की तंबोरा चढतो. दोघं दोन दिशांना जातात. दुपारी चार वाजता जुळवलेला सूर सात वाजता जुळत नाही. बासरीवाल्याने दहा-पंधरा मिनिटं फुंकून बासरी तापवायची आणि लोक येऊन बसल्यावर तंबोरा तिच्याशी मिळवायचा, कारण बासरी काही तंबोऱ्याशी मिळवता येत नाही. ललतासाठी मध्यम आणि सारंगासाठी पंचम अशा दोन जुळण्या लागतात. एकाच तंबोऱ्यावर मध्येच तार फिरवत बसू नका, दोन तंबोरे घ्या किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची दोन यंत्रं तयार ठेवा.

जागा लहान घ्या, ऐंशी ते शंभर माणसांची. रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात सुमारे दोन हजार माणसं बसतात; तिथे ही शांतता टिकणार नाही. सिव्हिल लाइन्समध्ये करणार असाल तर हिवाळी अधिवेशनाच्या तारखा आधी बघा. त्या दिवसांत मोर्चे, बंद रस्ते आणि भोंगे असतात, लोकही वेळेवर पोचत नाहीत.

परवानगीचं थोडक्यात. माडगूळकर २००१ साली गेले, म्हणजे लेखनाचा हक्क २०६१च्या अखेरपर्यंत आहे. एखादा उतारा वाचून दाखवणं वेगळं. तासाभराचा तिकीट लावलेला प्रयोग किंवा त्याचं चित्रीकरण टाकायचं असेल तर हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या. बासरीची तयार रेकॉर्ड लावली तर तिचे हक्क आणखी निराळे. शिवाय रेकॉर्ड वाचकासाठी थांबत नाही.

तालमी पाच. पहिल्या दोन वाद्यांशिवाय, कारण ज्या वाचनाला वाद्याचा आधार लागतो ते वाचन अजून तयार नाही.

शेवटी भैरवी वाजवायची आपली जुनी सवय आहे, आणि बासरीवाला तसं सुचवेलच. इथे भैरवी नको. रिकाम्या वाडीतून मास्तर निघतो, शेवटचं वाक्य संपतं, आणि त्यानंतर एकही स्वर नाही. वाचकाने कागद मिटायचा नाही, मान वर करायची नाही, दहा सेकंद तसंच बसायचं, मग दिवे. आभारप्रदर्शन करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की दिवे लागल्यावर दोन मिनिटं माइककडे जायचं नाही, आणि त्याची खुर्ची मंचापासून लांब, मागच्या रांगेत ठेवा.